शास्त्रीबुवांचा दगड

माधवशास्त्री मुळे यांच्याबद्दल आमच्या हिवरदऱ्यात आजही कुणी वाईट बोलत नाही. मीही बोलणार नव्हते. पण परवा त्यांच्या नातवाने देवळासमोर त्यांच्या नावाची कमान उभारली, मला आठवणीने आमंत्रण धाडलं आणि त्यात 'निर्भय, धर्मनिष्ठ' असे दोन शब्द घातले. धर्मनिष्ठ ते होते, मला मान्य आहे. 'निर्भय' वाचून मात्र मी आधी हसले, मग चिडले आणि आता लिहायला बसले आहे.

हिवरदरा हे पारनेर तालुक्यातलं कोरडं गाव. ओढ्याच्या एका बाजूला महादेवाचं देऊळ, पाटलांचं घर आणि बाकीचं गाव. पलीकडे महारवाडा आणि त्याच्या टोकाला आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं. माझे वडील पुंजाराम मास्तर तिथले पाळक आणि शाळेचे मास्तरही. ते जन्मले महारवाड्यातच, तरुणपणी ख्रिस्ती झाले, नगरला मिशनच्या शाळेत शिकले आणि पुन्हा आपल्याच लोकांना शिकवायला गावी आले. मी त्यांची थोरली, लीना. नगरच्या एका दवाखान्यात नर्स होते. दुसरं महायुद्ध चालू होतं त्या काळातल्या एका उन्हाळ्यात मी टायफॉइडमधून उठून हवापालटासाठी घरी आले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

शास्त्रीबुवा गावचे पुरोहित. उंच, गोरेपान, खणखणीत आवाजाचे. ते देवळात रुद्र म्हणू लागले की ओढ्यापलीकडे आमच्या शाळेतली पोरं पाढे विसरायची. रस्त्याने निघाले की माणसं वहाणा काढून बाजूला उभी राहत. त्यांच्यासारखा वाचलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता, आणि हे त्यांना इतरांनी सांगावं लागत नसे.

आमच्या अंगणात एक मोठा निंब होता आणि निंबाखाली एक बसका काळा दगड. घरामागे बेलाचं झाड होतं. दुपारी उन्हाने गाव मुकाट झालं की शास्त्रीबुवा हातात परडी घेऊन बेल तोडायला म्हणून ओढ्यातून येत. डोक्यावरून उपरणं ओढलेलं असे. परडीत चार पानं पडली की ते दगडावर येऊन बसत. बाबा दारात, चटईवर. मधे सगळं अंगण.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला विचारलं, "हे इथे काय करतात?"

"देवाचं बोलतात," आई म्हणाली. "बापाला विचारू नको. आणि बाहेर एक शब्द काढशील तर बघ."

मी आतून ऐकत असे. गावात 'अरे पुंजा' म्हणून हाक मारणारे शास्त्रीबुवा त्या दगडावर बसले की 'मास्तर, तुम्ही' म्हणत. येशूच्या गोष्टी त्यांनी इतक्या वेळा ऐकल्या होत्या की बाबा अडखळले तर तेच पुढचं सांगत. एकदा क्रुसाची गोष्ट झाली. मारणाऱ्यांसाठीच तो क्षमा मागतो, इथपर्यंत आल्यावर शास्त्रीबुवांनी उपरण्याने डोळे पुसले. मी खोटं लिहिणार नाही, त्या दिवशी मला ते फार आवडले.

"मास्तर, मला पटलं आहे," ते म्हणाले. "आजचं नाही, कधीचंच. तो माझा प्रभू आहे असं मी मनात म्हणतो."

"मग मोठ्यानं म्हणा," बाबा म्हणाले.

शास्त्रीबुवा बराच वेळ परडीतली पानं सारखी करत बसले.

"तुमच्या देवळात प्रभुभोजनाला एकच प्याला फिरतो ना? सगळ्यांच्या ओठांचा? मेलेली गुरं ओढणाऱ्याच्या शेजारी मी चटईवर बसू? आजोबांच्या पायाचं तीर्थ घ्यायला लोक लांबून येत होते, मास्तर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तेही सोसेन एखादे वेळी. पण मच्छिंद्रबुवा आहेत ना. त्यांनी एकदा अंगात येऊन सांगितलं की शास्त्री बाटला, तर गाव माझ्या घराला काडी लावेल."

मच्छिंद्रबुवा म्हणजे नाथांच्या ठाण्याचे भगत. शेतकऱ्यांचा सगळा भरवसा त्यांच्यावर. मूल आजारी पडो, म्हैस आटो, आधी बुवांचा अंगारा. काळे, धिप्पाड, हातात चिमटा. शास्त्रीबुवांना गाव मान देत होतं, मच्छिंद्रबुवांना भीत होतं.

आता खरी गंमत ऐका. एके दुपारी शास्त्रीबुवा गेल्यावर मी अंगण झाडत होते, तर शेताच्या बाजूने खांद्यावर लाकडं घेऊन हेच मच्छिंद्रबुवा आले. धुनीसाठी लाकूडफाटा गोळा करायला म्हणून निघालेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोळी उतरवली आणि त्याच दगडावर बसले. दगड अजून शास्त्रीबुवांच्या अंगाने ऊन असेल!

"मास्तर, तुमचं खरं हाय," बुवा म्हणाले. "माझ्या अंगात येतं म्हनत्यात, आता कुठलं येतंय? लई वर्सं झाली. नुसता घुमतो. लोक भितात म्हनून मी हाय, न्हाईतर मला कोन इचारतंय? तुमच्या देवाजवळ बसलो की जरा गार वाटतं. पर त्यो शास्त्रीबुवा हाय ना! मी तुमच्यात आलो आसं त्याला कळलं तर वेद काढून बसंल आनि मला गावाबाहीर काढंल."

मी झाडू घेऊन तिथेच उभी. बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आत निघून गेले.

नंतर मी बाबांशी भांडले. "दोघांना एकदा समोरासमोर बसवा! एक दुसऱ्याला भितो, दुसरा पहिल्याला. हा काय पोरखेळ?"

"ते माझ्याजवळ विश्वासानं बोलतात," बाबा म्हणाले. "त्यांचं गुपित मी कसं फोडू? त्यांच्यातल्या एकाला तरी उभं राहू दे, लीना. एक उभा राहिला की दुसरा राहील."

हे त्यांचं आयुष्यभराचं वेड होतं. माणूस कधी ना कधी उभा राहतोच, असं त्यांना वाटायचं. मी दवाखान्यात माणसं पाहिली होती, मला तसं वाटत नव्हतं.

मग लंकाबाईने घात केला. लंकाबाई पाटलांकडे धुणीभांडी करायची. धुणं घेऊन जाताना तिने लांबून आमच्या निंबाखाली कुणीतरी पाठमोरं बसलेलं पाहिलं आणि धुण्यावर सांगितलं, "आपल्यातलाच कुनीतरी मोठा मानूस मिशनवाल्याकडं बसतोय बया." तोंड दिसलं नव्हतं. पण तोंड दिसलं नाही म्हणूनच गावात जास्त आग लागली. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला.

काकासाहेब पाटलांनी सकाळीच देवळासमोर गाव बोलावलं. बाबांनाही निरोप आला. आम्ही निघालो तेव्हा आईने दोनदा आपल्या विहिरीकडे पाहिलं. का, ते सांगायला हवं. आमची विहीर मिशनने खणून दिलेली, पण जमीन पाटलांची आणि परवानगी तोंडी. आमची घरं आणि अर्धा महारवाडा त्या एका विहिरीवर जगत होता. आणि दिवस उन्हाळ्याचे.

आम्ही पायऱ्यांच्या खाली उन्हात उभे. वर सावलीत पाटील, त्यांच्या एका हाताला शास्त्रीबुवा, दुसऱ्या हाताला मच्छिंद्रबुवा. शास्त्रीबुवांपुढे ताम्हण होतं, त्यात भंडारा आणि बेलाची पानं. तो बेल कुठल्या झाडाचा होता ते मला दिसल्याबरोबर कळलं.

"पुंजाराम," पाटील म्हणाले, "गावातला कोणी तुझ्याकडे येतो का?"

बाबा 'नाही' म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं. पण ते माझे वडील होते.

"येतो, पाटील."

लोकांत एकदम कालवा झाला. शास्त्रीबुवांचा हात ताम्हणाच्या काठावर होता, तो तिथेच राहिला. मच्छिंद्रबुवा चिमट्याकडे पाहू लागले.

"नाव सांग."

"नाव सांगणार नाही. ज्यानं यायचं त्यानं आपण सांगावं."

"सांगितलंस तर तुझं काही जात नाही. न सांगितलंस तर विहिरीत आजच बाभळीचे काटे पडतील. जमीन माझी आहे."

"जमीन तुमची आहे, पाटील. नाव माझं नाही."

मी बाबांच्या शेजारी उभी होते. त्यांची नजर वर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ते वाट पाहत होते. आता उठेल. आता एक तरी उठेल. मला इतका राग आला होता की मी नावं सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"बरं," पाटील म्हणाले. "मग गावच्या वडीलधाऱ्यांनी बेलभंडार उचलावा. म्हणजे कळेल कोण स्वच्छ आहे." ते वळले. "शास्त्रीबुवा, आधी तुम्ही."

बेलभंडार उचलून खोटं बोललं तर वंश बुडतो, असं आमच्याकडे मानतात. पोरसुद्धा बेलभंडार उचलून खोटं बोलणार नाही. शास्त्रीबुवांनी पान उचललं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट घेतली. त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. मच्छिंद्रबुवांकडे पाहिलं. मग तोच खणखणीत आवाज लागला.

"मी या पुंजाच्या घराचा उंबरा कधी ओलांडलेला नाही. त्याच्या घरचं अन्न घेतलेलं नाही, पाण्याला शिवलेलो नाही. महादेव साक्षी."

प्रत्येक शब्द खरा होता! ते अंगणातच बसत. मी एकदा पाणी विचारलं होतं, तर हात हलवून नको म्हणाले होते. इतकी वर्षं जे सोवळं त्यांनी आमच्या दारात सांभाळलं, ते त्या दिवशी असं कामाला आलं. विद्या असावी तर अशी.

मच्छिंद्रबुवा घामाने भिजले होते. शास्त्र्याचा हा कडक अवतार पाहून त्यांचं उरलंसुरलं बळ गेलं असावं. त्यांनी पान उचललं.

"शास्त्रीबुवांनी म्हनलं तेच माझं."

बाकीच्यांनीही उचलला, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी बाबांकडे पाहत होते. त्यांनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, "चल."

दुपारच्या आत रहाट काढून नेला आणि विहिरीत काटे पडले. बाबा काठावर उभे राहून बघत होते. काटे टाकणारे गडी महारवाड्यातलेच, त्यांच्या बायकाही त्याच विहिरीवर पाणी भरायच्या. त्यांना तरी काय बोलणार?

मग आम्ही ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायला लागलो. वाटीने पाणी काढायचं, कळशी भरायची, चढण चढून यायचं. टायफॉइडमधून उठलेल्या माझ्या पायांत गोळे यायचे. एकदा कळशी डोक्यावर घेऊन येताना आई वाटेत बसली ती उठेचना, तेव्हा मी त्या दोघांना मोठ्याने शिव्या दिल्या. आईने मला गप्प केलं नाही.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी ओढ्यातून शास्त्रीबुवा आले. हातात परडी नव्हती. ते दगडावर बसले नाहीत, अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "मला झोप लागत नाही. मी शब्दात खोटं बोललो नाही, पण..."

"बसा," बाबा म्हणाले.

एवढ्यात शेताच्या बाजूने लाकडांची मोळी घेऊन मच्छिंद्रबुवा अंगणात शिरले. त्यांचीही मान खाली. वर पाहिलं तर समोर शास्त्रीबुवा!

मी आयुष्यात खूप बावचळलेली तोंडं पाहिली, पण तशी दोन एकदम कधी पाहिली नाहीत.

"मी बेल..." शास्त्रीबुवा म्हणाले आणि आपल्या रिकाम्या हातांकडे पाहून थांबले.

"मी धुनीला..." बुवांनीही तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबांच्या तोंडावर हसू फुटलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच. "आता काय लपवता? तुम्ही दोघं याच दगडावर बसत होता. तुम्हाला यांची भीती होती, यांना तुमची. आता भ्यायचं कुणाला?"

मच्छिंद्रबुवांनी मोळी खाली टाकली. "खरं का शास्त्रीबुवा? तुमी बी?"

शास्त्रीबुवांनी मान डोलावली.

"अरं देवा," बुवा म्हणाले. "आनि मी तुमच्या भ्यानं बेलभंडार उचलला!"

मला वाटलं, झालं. बाबांचं वेड खरं ठरलं. मी आत धावले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. झिऱ्यावरचं, सकाळी मीच आणलेलं पाणी. एकच तांब्या, कारण आमच्याकडे तो एकच चांगला होता. तो मी दगडावर ठेवला.

बाबा म्हणाले, "हे पाणी तुमच्या शब्दापायी डोक्यावरून आलं आहे. रागानं नाही म्हणत. घोटभर घ्या दोघं, आणि उद्या दोघं मिळून पाटलांकडे जा. एकट्याला गाव बाहेर काढील. तुम्हा दोघांना काढलं तर गावाचा देवधर्म कोण करील? ते काढणार नाहीत."

हे इतकं उघड होतं की त्या दोघांनाही दिसलं. शास्त्रीबुवा एक पाऊल पुढे आले. बुवाही आले. मधे दगड, दगडावर तांब्या.

"बुवा, आधी तुम्ही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"छे छे. तुमी मोठे. आधी तुमी."

"गाव तुमच्या शब्दावर चालतं, बुवा. तुम्ही घेतलंत की मी घेतलंच."

"आनि उद्या म्हनाल, आधी भगत बाटला? न्हाई. तुमी बामन. तुमी घोट घ्या, मग मी तांब्या रिकामा करतो."

"मी आधी आणि तुम्ही मागून? आणि नाही घेतलंत तर?"

दोघेही हसत बोलत होते, लग्नाच्या पंगतीत आग्रह करावा तसे. बाबांचं हसू मात्र हळूहळू गेलं.

"शास्त्रीबुवा!" माझ्याने राहवेना. "आता कुणाची भीती आहे तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगले, ओले डोळे होते त्यांचे. "भीती नाही गं मुली," ते म्हणाले आणि पुन्हा तांब्याच्या काठाकडे पाहिलं. तिथे माझ्या बोटांचा ओला ठसा होता. त्यांचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. भीती गेली तेव्हा तिच्याखालचा पीळ मला दिसला. इतकी वर्षं शास्त्रीबुवांना वाटत होतं की मच्छिंद्रबुवा वाट अडवून बसले आहेत. अडवणारं कुणीच नव्हतं. बुवांचंही तेच. सगळ्यांच्या मागून जायला दोघेही तयार होते, पहिल्याने वाकायला एकही नाही. आणि आता तर दुसऱ्यादेखत वाकायचं.

शास्त्रीबुवा ओढ्याच्या वाटेने गेले, मच्छिंद्रबुवा शेताच्या वाटेने. मोळी न्यायचं ते विसरले. आईने ती चुलीला लावली. तांब्या उचलून त्यातलं पाणी बाबाच प्याले.

विहिरीचं म्हणाल तर ती कुणाच्या धैर्याने उघडली नाही. पाटलांच्या शेतावरची माणसं दिवसभर पाण्यामागे जाऊ लागली, मळ्यातलं काम अडलं, तेव्हा पाटलांनीच मुकाट्याने काटे काढायला लावले. मी नगरला परत गेले. शास्त्रीबुवांनी आमच्या बेलाकडे येणं सोडलं. त्यांच्या महादेवाला बेल शेजारच्या गावाहून येऊ लागला. बुवाही लाकडाला दुसऱ्याला धाडू लागले. दोघांचं गुपित दोघांजवळ, म्हणून दोघेही एकमेकांशी फार अदबीने वागत. गाव म्हणायचं, काय ही मैत्री!

बाबा मात्र दुपारी चटईवर बसायचे. मी सुटीवर आले की मला दिसायचं, त्यांचे डोळे त्या दगडावर. "येतील गं," म्हणायचे. मी त्यांच्याशी भांडायचं सोडून दिलं होतं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनेक वर्षांनी बाबा गेले. आमची दफनभूमी ओढ्याच्या काठावरच आहे. प्रार्थना झाली, पेटी खाली सोडली आणि एकेक जण पुढे येऊन मूठभर माती टाकू लागला. मी मान वर केली तर पलीकडच्या काठावर बाभळीखाली शास्त्रीबुवा उभे होते, उपरणं डोक्यावरून ओढून. जरा अंतरावर मच्छिंद्रबुवा. शास्त्रीबुवा रडत होते, इतक्या लांबूनही ते दिसत होतं.

माझा सगळा राग त्या क्षणी गेला. खरंच गेला. ओढ्यात पाणी नव्हतं. दहा पावलं वाळू, बस्स. मी काठावर गेले आणि हाक मारली, "या ना! मूठभर माती टाका. त्यांनी फार वाट पाहिली तुमची."

सगळे वळून पाहायला लागले. शास्त्रीबुवांनी एक पाय वाळूत टाकला. मग ते थांबले, मच्छिंद्रबुवांकडे वळले आणि हाताने खूण केली, आधी तुम्ही. बुवांनी मान हलवली आणि तसाच हात केला.

मी वाट पाहत उभी राहिले. माझ्यामागे फावडी चालू झाली होती. त्या दोघांचं ठरेपर्यंत खड्डा भरून झाला.